कापून जोडलेला नंबर

भानू,

तुझ्या तेराव्याला मी आले नाही. अख्खं नेकनूर आलं होतं म्हणतात. मंडप पुरला नाही, लोक लिंबाखाली बसून जेवले. कुणीतरी विचारलंच असेल, "शमीमबाई कावून दिसंना?" तुझ्या बायकोने, सुरेखाने त्याला काय उत्तर दिलं, ते तिने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी घरीच होते. दाराला आतून कडी लावून पलंगावर बसले होते आणि तुझ्याशी भांडत होते. जिवंतपणी तीन महिने तुझ्याशी धड एक शब्द बोलले नाही, आणि तू गेल्यावर माझं तोंड थांबेना.

तू भरदुपारी दुकानात गेलास. वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर सरकवलास, पाणी प्यायलास, स्टुलावर बसलास आणि तसाच कलंडलास. त्रास झाला नाही, असं सगळे समाधानाने सांगतात. मला ते ऐकवत नाही. तुला त्रास व्हावा असं मला वाटत नव्हतं, खरंच नव्हतं. पण तुला एक उत्तर द्यायचं होतं आणि ते न देता तू सुटलास, एवढंच त्या दुपारी माझ्या मनात आलं. रडू दुसऱ्या दिवशी आलं.

आपण सातवीपर्यंत एका वर्गात होतो. माझे दोन्ही पाय पोलिओने गेलेले, उजव्याला लोखंडी कॅलिपर, काखेत कुबड्या. वर्गातली पोरं एकतर चिडवायची, नाहीतर त्यांच्या आयांनी शिकवलेली दया दाखवायची. तू दोन्हीतलं काहीच केलं नाहीस. पाचवीत माझ्या कॅलिपरची गुडघ्याजवळची बिजागरी तुटली. बाई म्हणाल्या, घरी जा. तू म्हणालास, "इकडं दे बगू." तू माझ्या पायाकडे पाहिलं नाहीस, बिजागरीकडे पाहिलंस. चुलत्याच्या दुकानात नेऊन तासाभरात जोडून आणलीस. तेव्हा मला ते फार आवडलं होतं.

पुढे तू चुलत्याचं दुकान घेतलंस आणि मी बीडला तहसीलच्या बाहेर पत्र्याखाली टेबल टाकलं. अर्ज लिहून द्यायचं काम. सातबाऱ्यावरची चूक, रेशनकार्डातलं नाव, निराधारांचं अनुदान, वारसाची नोंद. लोक म्हणायचे, मुसलमानाची बाई पण मराठी काय लिहिते. तू त्यांना सांगायचास, "शाळेत माझे निबंध हीच लिहून द्यायची." खोटं नव्हतं ते.

काम आवडीचं होतं, जाणं-येणं मात्र जीव काढायचं. एसटीची पहिली पायरी माझ्या कमरेएवढी. कंडक्टर वरून दंडाला धरून ओढायचा, खालून कुणीतरी ढकलायचं. कुणीतरी म्हणजे कुणीही. सोळा वर्षं माझ्या अंगाला रोज परके हात लागले. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. तुला एकदा सांगितलं, दुकानासमोर उभी राहून, कुबडीचं रबर बदलून घेताना, अगदी सहज. रबर बसवलंस, कुबडी जमिनीवर दोनदा आपटून बघितलीस.

आठवड्याने घरी आलास तो सुतळी घेऊन. "पलंगावर बस," म्हणालास. पलंगाची उंची मोजलीस, माझ्या हाताची लांबी मोजलीस, मी बसल्या जागेवरून किती सरकू शकते ते मोजलंस आणि सुतळीला गाठी मारल्यास. माझ्या अम्मीने विचारलं, "क्या सी रहा रे, कुर्ता?" तू म्हणालास, "गाडी शिवतोय, चाची."

सात महिने लागले. भंगारातल्या एका स्कूटरचं इंजिन आणि हँडल, बाकी सगळं तुझं. मागे दोन चाकं, मध्ये तू वाकवून जोडलेली पाइपांची चौकट, पायाचा ब्रेक काढून हाताशी आणलेला दांडा, कुबड्या ठेवायला उजवीकडे पन्हाळ. मी पलंगावरून सरकून सीटवर जायचे, मध्ये बोटभर उंचीचाही फरक नव्हता. ज्या दिवशी मी एकटी मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडला गेले, त्या दिवशी टेबलाशी बसून मला अर्ज लिहिता येईना, मी सारखी वळून गाडीकडे बघत होते. श्रावणात मी कपिलधारेला गेले. काही काम नव्हतं. धबधबा बघायला गेले, बघितला, परत आले. तोवर मी असं कुठे कामाशिवाय गेलेच नव्हते.

हे मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. मग तुझ्यावर नुसतं रागावता आलं असतं.

गाडी बनत होती तेव्हाच मी विचारलं होतं, "भानू, घरी बनवलेल्या गाडीची नोंद होते का?"

"होते की. मी जाऊन आलो आरटीओत. अर्ज द्यायचा, गाडी दाखवायची, नंबर भेटतो."

"कागद मी लिहिते मग."

"तू जगाचे लिही. हे माझं काम हाय. गाडी माझी, कागद माझे. तू फकस्त चालव."

गाडी झाल्यावर चार-पाच महिने तू गावातल्या गावातच चालवायला लावलीस. मग एक दिवस आरसी बुक घेऊन आलास, माझ्या नावाचं. ज्या स्कूटरचं इंजिन घेतलं तिचंच पुस्तक माझ्या नावावर करून आणलं होतंस. त्यासाठीच्या फॉर्मवर मी सह्या केल्या होत्या, तू बोट ठेवलंस तिथे. फॉर्म वाचला नाही. लोकांनी न वाचता सही केली की मी त्यांना रागावते, आणि मी वाचलं नाही.

पुस्तक मात्र वाचलं. "भानू, यात तर दुचाकी लिहिलंय. आपली तीनचाकी आहे."

"फेरबदलाची नोंद मागनं होते. अर्ज दिलाय."

"पोच दाखव."

"दुकानात आसंल कुठंतरी. आता कावून माझ्या मागं लागलीस?"

लायसनच्या परीक्षेच्या दिवशीही तेच. मी म्हणाले, आपल्याच गाडीवर परीक्षा देते. आदल्या संध्याकाळी तू क्लच खोलून ठेवलास. म्हणालास, नेमका आजच गेला. मग परीक्षेला आलेल्या दुसऱ्या एका अपंग माणसाने मला त्याची गाडी दिली. साधी कंपनीची स्कूटर, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी एकेक जोडचाक लावलेलं. मी तिच्यावर मैदानात आठचा आकडा काढला आणि पास झाले. घरी येऊन तुला सांगितलं, "जोडचाकाची गाडीपण बरी असते रे." तुझा चेहरा पडला. "ती गाडी हाय का? ते खेळणं हाय," म्हणालास. मला हसू आलं. कारागिराचा रुसवा वाटला मला तो.

नऊ वर्षं. दरवर्षी विम्याचा कागद यायचा, दरवर्षी त्यावर दुचाकी लिहिलेलं असायचं. पहिली दोन वर्षं मी तुला विचारलं. तिसऱ्या वर्षी विचारलं नाही. पुढे कधीच नाही. का नाही विचारलं, ते या तीन महिन्यांत मी स्वतःला खूपदा विचारून बघितलं. उत्तर असं आहे की मला कळलं होतं. सगळं नाही, पण काहीतरी चुकीचं आहे एवढं कळलं होतं. खोलात गेले असते तर गाडी गेली असती, आणि गाडी गेली की पुन्हा ती पायरी आणि ते हात. तू खोटं बोललास. मी ते झाकून ठेवायला तुला मदत केली. हा माझा हिस्सा आहे, तो मी तुझ्यावर टाकणार नाही.

पण तुझा हिस्सा तुझाच आहे.

सीताफळांचे दिवस होते. सकाळी मी घाट उतरत होते, हळूच, नेहमीसारखी. वळणावर मागचं डावं चाक सुटलं. आस तुटला होता, तू जोडला होतास तिथेच. गाडी डावीकडे बसली आणि गर्रकन फिरली. कडेला एक बाई टोपली घेऊन बसली होती. पाइपांची चौकट तिच्या पायावर गेली. मी खाली पडले होते, मला उठता येत नव्हतं. मी तिथून बघत होते की ती उठते का. ती उठली नाही. रस्ताभर सीताफळं फुटली होती आणि लोक ती चुकवत चुकवत धावत येत होते.

गयाबाई तिचं नाव. मूळची धारूरकडची, लेकीपाशी राहायची. मांडीचं हाड मोडलं होतं. चौथ्या दिवशी मी दवाखान्यात गेले तर तिने आधी माझ्या कॅलिपरकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. "तुजे पाय आसे," ती म्हणाली, "आन तुज्यापायी आता माजा बी आसाच झाला की गं." ती चिडून बोलली नाही. चिडली असती तर मला सोसलं असतं.

पण त्याआधी पोलीस ठाणं. अपघाताच्या दिवशी दुपारीच मी तुला फोन केला. दुसरं कुणाला करणार होते? तू आलास. अंगणात गाडी उभी केली होती, तिरकी, एका विटेवर टेकवून. तू आधी तिच्याकडे गेलास. वाकून तुटलेला आस बघितलास, त्यावरून बोट फिरवलंस. मग आत आलास. मला लागलंय का हे विचारलं नाहीस.

हवालदाराने विचारलं, "ही गाडी कुणी बनवली?"

मी तुझ्याकडे बघितलं. मी बोलणारच नव्हते, कारण तू बोलशील याची मला खात्री होती. नऊ वर्षं तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतास, ही मी बनवली. अंबाजोगाईहून, केजहून लोक बघायला यायचे आणि तू त्यांना मला उतरवून सीट उचलून दाखवायचास.

"मला काय म्हाईत साहेब," तू म्हणालास. "बाईंनी कुठनं आनली की. मी फकस्त पंक्चर-बिंक्चर काढून द्यायचो."

बाई. चाळीस वर्षांत तू मला पहिल्यांदा बाई म्हणालास.

मी वाट बघत राहिले, भानू. वाटलं, घाबरलाय, दोन मिनिटांत बोलेल. मग वाटलं, बाहेर जाऊन परत येईल. मग संध्याकाळ झाली.

दोन दिवसांनी आरटीओतून निरीक्षक आले गाडी तपासायला. तरुण माणूस, चष्मा, हातात वही. त्यांनी पाइपावरचा नंबर बघितला आणि पातं काढून त्याच्या भोवतीचा रंग खरवडला. चौकोनी रेघ निघाली, वेल्डिंगची. मला जवळ बोलावून दाखवली. "हे बघा. जुन्या स्कूटरच्या चौकटीचा नंबर असलेला तुकडा कापून यात बसवलाय. ही ती गाडीच नाही. कागद एका गाडीचे, गाडी दुसरी. विमा कंपनी हात वर करणार. आणि नंबर कापण्याचा वेगळा गुन्हा आहे, मालक तुम्ही आहात."

मी म्हणाले, "साहेब, घरी बनवलेल्या गाडीची नोंद करायला नेमकं काय लागतं?"

त्यांनी वही मिटली. मग समजावून सांगितलं. नव्या गाडीच्या नोंदीच्या अर्जासोबत ती विकणाऱ्याचा दाखला लागतो, बनवणाऱ्याचा रस्त्यावर चालायला योग्य असल्याचा दाखला लागतो. आणि त्याआधी तो नमुना सरकारमान्य चाचणी संस्थेत तपासून मंजूर झालेला लागतो. ब्रेक, वजन, धूर, दिवे, चौकटीची मजबुती, सगळं. दुकानात एकट्याने बनवलेली एक गाडी त्यातून पार पडणं जवळजवळ अशक्य. "पण तुम्हाला त्याची गरजच नव्हती," ते म्हणाले. "नोंद असलेली साधी स्कूटर घ्यायची, जोडचाकं बसवायच्या आधी आमच्याकडे परवानगीचा अर्ज करायचा, सोबत अपंगत्वाचं प्रमाणपत्र. चाकं बसवली की आम्ही तपासतो आणि पुस्तकात अपंगासाठी फेरबदल केलेली गाडी म्हणून नोंद करतो. विमाही तसाच होतो. कायद्यात सोय आहे बाई. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

"नाही," मी म्हणाले.

घरी आल्यावर मी तुझीच वकिली केली, तुला खोटं वाटेल. मनाला सांगितलं, त्यालाही कुणी सांगितलं नसेल. त्याला काय कायदा कळतो? त्याने ऑफिसात विचारलं असेल, खिडकीवरच्याने हाकललं असेल, मग बिचाऱ्याने मला गाडी मिळावी म्हणून हे केलं असेल. माझ्यापायी केलं. पोलीस ठाण्यातलं मी माफ करू शकत नव्हते, पण नंबराचं माफ केलं होतं. नादानपणा म्हणून.

मग जानेवारीत तू तहसीलला आलास. रांगेत उभा राहिलास, लोकांसारखा. तुझा नंबर आला तेव्हा समोरच्या स्टुलावर बसलास आणि टेबलाकडे बघत म्हणालास, "एक अर्ज लिहायचाय."

"कुणाला?"

"पोलिसाला."

मी कोरा कागद घेतला. "अर्जदाराचं पूर्ण नाव सांगा," मी म्हणाले. मीही तुला तुम्ही करून टाकलं.

तू मान वर केलीस. "शमीम..."

"मागे लोक थांबलेत. नाव सांगा, नाहीतर पुढच्याला येऊ द्या."

तुझ्या मनगटावर ठिणग्यांचे बारीक डाग होते, जुने आणि नवे. मग उठलास. "उद्या येतो," म्हणालास. उद्या आला नाहीस. अकराव्या दिवशी गेलास.

तू काय लिहून घ्यायला आला होतास, हे मला आता कधीच कळणार नाही. कधी वाटतं, कबूल करायला आला होतास आणि मी तुला रांगेतून उठवलं. असं वाटलं की जेवण जात नाही. कधी वाटतं, माझ्याकडूनच काहीतरी लिहून घ्यायला आला होतास, तुझं नाव यायला नको म्हणून. दोन्ही तुला शोभण्यासारखं आहे. आता हेही म्हणावं लागतंय.

तेराव्यानंतर चौथ्या दिवशी सुरेखा आली. हातात प्लास्टिकची फाइल, वेल्डिंगच्या काड्यांचा वास येणारी. दुकानातल्या लोखंडी पेटीत तळाशी होती म्हणाली.

"मी वाचली. चुलीपाशी नेलती जाळायला," ती म्हणाली. "मग म्हनलं, हे तुमचं हाय. काय करायचं ते तुमी करा."

आत आरटीओची दोन पत्रं होती, दोन्ही तुझ्या नावाने आलेली, गाडी बनत होती त्या वर्षाची. पहिल्यात बनवणाऱ्याचे दाखले नाहीत म्हणून अर्ज परत. दुसरं लांब होतं. तुझ्या खिडकीवरचा माणूस तुला हाकलत नव्हता, भानू. त्याने तुला सगळं लिहून कळवलं होतं. घरी बनवलेल्या वाहनाची मंजूर नमुन्याशिवाय नोंद होणार नाही. तथापि वाहन अपंग व्यक्तीसाठी असल्यास नोंद असलेल्या स्कूटरला जोडचाके बसवण्याची परवानगी देता येईल, त्यासाठी अमुक अर्ज, तमुक प्रमाणपत्र. ओळीने दिलेलं. जे मला निरीक्षकांनी नऊ वर्षांनी सांगितलं, ते सगळं तुझ्या पेटीत होतं.

त्या परिच्छेदाच्या बाजूला समासात तुझं अक्षर होतं. शाळेतल्यासारखंच, डावीकडे झुकलेलं. तू लिहिलं होतंस, मग माझ्या गाडीचं काय.

मी ती ओळ कितीदा वाचली ते माहीत नाही. सुरेखाने पाणी आणून दिलं, माझ्याच घरात. तुला रस्ता माहीत होता. सरळ, कायदेशीर, पंधरा-वीस दिवसांचा. मला तो सांगितला असतास तर मी जोडचाकाच्या स्कूटरवर घाट उतरले असते, आणि गयाबाई तिच्या टोपलीपाशी बसून राहिली असती. पण मग तुझी गाडी दुकानात पडून राहिली असती. केजची माणसं बघायला आली नसती. तू माझ्यापायी केलं नाहीस. तू गाडीसाठी केलंस आणि मला तिच्यावर बसवलंस.

ज्या गोष्टीसाठी मी तुला माफ केलं होतं, ती घडलीच नव्हती. मेलेल्या माणसाला दिलेली माफी परत कशी घेतात, ते मला माहीत नाही.

सुरेखा म्हणाली, "तुमच्यावरची केस सुटंल का ह्यानं?"

"सगळी नाही. पण नंबर मी कापला नाही, मला माहीत नव्हतं, हे दाखवता येईल."

"मग द्या," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "गावात लई बोलतील."

"बोलतील," मी म्हणाले. खोटा धीर द्यायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

पोलिसांना द्यायचा अर्ज लिहायला मला चार दिवस लागले. आयुष्यात हजारो लिहिले, कुठलाही अर्ध्या तासाच्या वर गेला नव्हता. सदर वाहन कै. भानुदास यांनी स्वतःच्या दुकानात बनवले. ते 'कै.' लिहिताना पेन थांबलं. जुन्या स्कूटरचा नंबर त्यांनीच कापून जोडला. नोंदीचा कायदेशीर मार्ग त्यांना कार्यालयाने लेखी कळवला होता, तो त्यांनी अर्जदारास सांगितला नाही. सोबत पत्रांच्या प्रती. आणि खाली मी माझंही लिहिलं. अर्जदार स्वतः अर्ज लिहिण्याचा व्यवसाय करते. आरसी बुक व विमा यांवरील 'दुचाकी' ही नोंद तिने दरवर्षी वाचली, तरीही वाहन चालवणे थांबवले नाही. माझे वकील म्हणाले, हे खालचं काढा, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा? मी काढलं नाही.

देण्याआधी सुरेखाला बोलावलं. तिच्या माघारी द्यायचं नव्हतं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि मी मोठ्याने वाचलं. ती ऐकत होती. नुसता पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. वाचून झाल्यावर तिने काठ सोडून दिला.

"नाव काढा म्हनत न्हाई मी," ती शेवटी म्हणाली. "पन येक वळ घाला. लई चांगला कारागीर होता म्हनून."

"सुरेखा, अर्जात ते बसत नाही."

"कावून बसत न्हाई? खरं हाय की."

ती गेली तेव्हा ऊन दारापर्यंत आलं होतं. मी अर्ज समोर घेऊन बसले. खरं होतं, भानू. माझ्याइतकं ते कुणाला माहीत असणार? मी अर्जाच्या शेवटी, सहीच्या वर, ती ओळ लिहिली. चांगल्या अक्षरात लिहिली. मग मला गयाबाई दिसली. आता काठी घेऊन चालते ती, दर तिसऱ्या पावलाला थांबते, आणि टोपली तिची लेक डोक्यावर घेते.

मी ओळ खोडली. खाडाखोड झालेला अर्ज घेत नाहीत, म्हणून दुसरा कागद घेतला आणि सगळा अर्ज पहिल्यापासून पुन्हा लिहून काढला. त्यात ती ओळ नाही.

शमीम